दाणा न् दाणा सुटा

हाँगकाँगला असताना आमच्या शेजारच्या दारात एक आजीबाई राहायच्या. अख्खा मजला त्यांना ‘पोपो’ म्हणायचा. कँटोनीजमध्ये पोपो म्हणजे आईची आई. त्यांच्या स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहिल्या की तिसरीला जागा नसे. एका रविवारी त्यांनी फ्रिजमधून भाताचं झाकलेलं भांडं काढलं, हात पाण्यात बुडवून झटकले आणि भाताची ढेकळं बोटांनी फोडायला बसल्या. ढेकूळ चिमटीत धरायचं, अंगठ्याने हलकं चोळायचं, दाणे ताटात पडू द्यायचे, की पुढचं ढेकूळ. दाणा मात्र मोडू द्यायचा नाही. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग मांसाचे काप, फोडलेली दोन अंडी, चिरलेली कांद्याची पात आणि लेट्यूसची पानं अशा वाट्या चुलीशेजारी ओळीने लागल्या आणि तेव्हा कुठे चूल पेटली. त्यानंतर अन्न ताटात यायला चार मिनिटंही लागली नाहीत.

हा भात कालचा ना, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘काक ये फान’. उलगडून सांगायचं तर मध्ये एक रात्र गेलेला भात. मराठीत आपण त्याला शिळा भात म्हणतो आणि म्हणता म्हणता त्याला एक पायरी खाली उतरवतो. शिळं घरातल्या बाईने संपवायचं किंवा गडीमाणसाला द्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पोपोंच्या बोलण्यात त्या रात्रीने भाताचं काही बिघडवलेलं नव्हतं. विरजण लागायला किंवा इडलीचं पीठ फुगायला जशी रात्र लागते, तशीच ती भातालाही लागत होती. या पुस्तकाचं बी त्या सकाळी पडलं.

चिनी पद्धतीचा बीफ फ्राइड राइस घरच्या गॅसवर कसा करायचा, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. एका पदार्थावर अख्खं पुस्तक कशाला, असं मला अनेकांनी विचारलं. हा एक पदार्थ नीट कळला की परतण्याची चिनी विद्या हातात येते, असा माझा अनुभव आहे आणि ती विद्या सगळी पाण्याभोवती फिरते. भातातलं पाणी, मांसातलं पाणी, भाजीतलं पाणी. ते कढईत उतरलं की परतणं थांबतं आणि उकडणं सुरू होतं. पाणी आटत नाही तोवर कढईतला जिन्नस १०० अंशांच्या पलीकडे तापत नाही. मांसाला तपकिरी रंग आणि खमंग वास यायला मात्र साधारण १४० अंश लागतात. मोकळा, खमंग फ्राइड राइस आणि करडं मांस घातलेला गिचका यांच्यामध्ये हे चाळीस अंश आहेत.

चीनमध्ये या भाताला छाओ फान म्हणतात. छाओ म्हणजे परतणं, फान म्हणजे भात. त्याचं जन्मगाव म्हणून यांगझोऊचं नाव घेतात. यांगत्सेच्या काठाजवळचं, महाकालव्यावरचं हे शहर एके काळी मिठाच्या व्यापाऱ्यांमुळे श्रीमंत झालं. सुई घराण्याच्या काळात, म्हणजे ५८१ ते ६१८ च्या दरम्यान, यांग सू नावाच्या मंत्र्याला ‘सोन्याचा चुरा’ अशा नावाचा अंड्याचा भात आवडायचा, अशी दंतकथा तिथे सांगतात. दुसरी कथा यी बिंगशौ या अठराव्या शतकात जन्मलेल्या सुलेखनकाराची. तो यांगझोऊचा अधिकारी होता आणि भाताला आजचं रूप त्याच्या घरात मिळालं म्हणे. कथा म्हणून दोन्ही गोड आहेत. मला त्यांच्यापेक्षा मोलाचा वाटतो तो सहाव्या शतकातला एक लेखी पुरावा. जिया स्सेशिए या लेखकाने शेतीवर लिहिलेल्या ‘छीमिन याओशू’ या ग्रंथात अंडी परतण्याची कृती दिली आहे. तांब्याच्या भांड्यात अंडी फोडून ढवळायची, त्यात कांद्याच्या पातीचा पांढरा भाग, मीठ आणि आंबवलेलं सोयाबीन घालायचं, तिळाच्या तेलात परतायचं. चौदाशे वर्षं होऊन गेली, तरी अंडं, पात, आंबवलेलं सोयाबीन आणि तिळाचं तेल ही चौकडी फ्राइड राइसमध्ये अजून जशीच्या तशी आहे.

परतण्याची ही रीत घरोघरी रुजायला मात्र वेळ लागला. त्यासाठी पातळ लोखंडी कढई हवी, पुरेसं तेल हवं आणि सरपण वाचवण्याची गरजही हवी. बारीक चिरून मोठ्या आचेवर झटपट परतलं की लाकूड वाचतं. पुढे १७९२ साली युआन मेइ या कवीने आपलं पाकशास्त्राचं पुस्तक छापलं. त्यात भात आणि पेज यांना त्याने वेगळं प्रकरण दिलं आहेच, पण मी स्वयंपाकघरात चिकटवून ठेवलेली सूचना दुसरी आहे. परतण्यासाठी एका वेळी अर्ध्या चिनी शेराहून, म्हणजे साधारण ३०० ग्रॅमहून, जास्त मांस घेऊ नये, कारण मग आच आतवर पोचत नाही आणि मांस हलकं होत नाही. आजच्या गॅसच्या शेगडीला ही अट युआन मेइच्या चुलीपेक्षाही जास्त लागू आहे. हॉटेलच्या भट्टीची आच आपल्या बर्नरच्या कित्येक पट असते. तिथे चौघांचा भात एकदम होतो. आपण दोघांचाच करायचा आणि दोनदा करायचा.

विसाव्या शतकात ही विद्या चीनबाहेर समजावून सांगणाऱ्यांमध्ये मी पहिला मान देते तो डॉ. बुवेइ यांग छाओ यांना. त्या पेशाने डॉक्टर. १९४५ मध्ये अमेरिकेत त्यांचं चिनी स्वयंपाकाचं पुस्तक निघालं आणि ‘स्टर-फ्राय’ हा आज जगभर चालणारा इंग्रजी शब्द त्यातून रूढ झाला. २००४ मध्ये ग्रेस यंग यांनी ‘वोक हेइ’ या कँटोनीज कल्पनेवर अख्खं पुस्तक लिहिलं. वोक म्हणजे कढई. हेइ म्हणजे श्वास, किंवा आपण प्राण म्हणतो तसं काहीसं. तापलेल्या लोखंडावरून जिन्नस उडतो, त्यातली वाफ निघून जाते, तेलाचे बारीक थेंब ज्वाळेत पेट घेतात आणि अन्नाला तो धुरकट, ताजा वास लागतो. तो वास ताटात दोन-चार मिनिटंच टिकतो, म्हणून कँटोनीज घरांत फ्राइड राइसला माणसं थांबतात, फ्राइड राइस माणसांसाठी थांबत नाही. २०२० मध्ये जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी आचाऱ्यांच्या हालचाली मोजल्या. कढई पुढेमागे सरकते आणि त्याच वेळी भट्टीच्या कडेवर डोलते, आणि हे एका सेकंदात जवळजवळ तीनदा होतं. वर्षानुवर्षं हे केल्यावर खांदे दुखणारे आचारीही पुष्कळ. घरी हे करायची गरज नाही. सपाट तोंडाचा कालथा, रुंद कढई आणि कमी भात एवढ्यावर भागतं.

आता गोमांसाचं. चिनी स्वयंपाक म्हटलं की डुकराचं मांस आणि कोंबडी आधी येतात. बैल खूप नंतर. याचं कारण मराठी माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. बैल नांगराला जुंपायचा होता. तांग राजवटीच्या कायद्यात स्वतःचा बैल मारणाऱ्यालाही शिक्षा होती आणि नंतरच्या राजवटींनीही असे निर्बंध घातले. तैवानमधल्या कित्येक शेतकरी घरांत अगदी गेल्या शतकापर्यंत, ज्याने आपलं शेत नांगरलं त्याला खायचं नाही, असा नेम पाळत. पोळ्याला बैलाच्या खांद्यांना तूप-हळद लावणाऱ्या आपल्या मुलखाला ही भावना परकी नाही. त्यामुळे चीनमध्ये गोमांसाची परंपरा काही ठरावीक समाजांनी आणि बंदरांनी जपली. वायव्येकडचे हुइ मुसलमान आणि त्यांच्या लानझोऊच्या रश्शातल्या शेवया. ग्वांगडोंगच्या पूर्वेकडचा चाओशान भाग, जिथे जनावराच्या एकेका भागाला वेगळं नाव आणि उकळत्या रश्शात बुडवण्याचा वेगळा वेळ आहे. आणि पाश्चात्त्यांशी दीडशे वर्षं संबंध आलेलं हाँगकाँग.

हाँगकाँगच्या साध्या चहा-हॉटेलांत मिळणारा ‘सांग छाउ ङाउ युक फान’ हा या पुस्तकाचा मुख्य नायक. सांग छाउ म्हणजे कच्चं परतलेलं. मांस आधी तेलातून काढून न घेता थेट कढईत टाकायचं, अशी ही रीत. खिमा किंवा बारीक तुकडे, अंडं, भात, सोया सॉस आणि अगदी शेवटी हाताने फाडलेलं लेट्यूस, जे कढईच्या उष्णतेनेच मऊ पडतं. तैवानचा मार्ग वेगळा. तिथे चाओशानच्या लोकांनी नेलेला शाचा नावाचा मसाला वापरतात. सुके मासे, सुकी कोळंबी, लसूण आणि तेल यांचा तो गोळा. मालवणात वाढलेल्या माणसाला त्याची बरणी उघडताच घर आठवेल.

बाकीची घराणी थोडक्यात सांगते. यांगझोऊच्या भातात सोया सॉस घालत नाहीत. मीठ, अंडं, हॅम, कोळंबी, मशरूम आणि पांढराशुभ्र दाणा. काही आचारी कच्चा पिवळा बलक भातालाच चोळतात, म्हणजे एकेक दाण्याला सोनेरी लेप बसतो. काही अंडं आधी परतून त्यावर भात टाकतात. ग्वांगडोंगमध्ये खारवलेला मासा आणि कोंबडी. हाँगकाँगच्या तथाकथित फुजियान भातावर वरून दाट रस्सा ओततात, पण खालचा भात आधी कोरडा परतलेला असावा लागतो, नाहीतर त्याची खीर होते. चीनबाहेर गेलेला भात जपानमध्ये चाहान झाला, इंडोनेशियात नासी गोरेंग आणि पेरूमध्ये, १८४९ पासून तिथे गेलेल्या चिनी मजुरांच्या हातून, आरोस चौफा. यांगझोऊने आपल्या भाताची प्रमाण पाककृतीही ठरवली आहे आणि २०१५ मध्ये तिथे ४,१९२ किलो फ्राइड राइस करून जागतिक विक्रमाचा प्रयत्न झाला. त्यातला काही भात डुकरांना घातल्याचं उघड झालं आणि विक्रम रद्द झाला. उरलेलं अन्न वाया जाऊ नये म्हणून जन्मलेल्या पदार्थाच्या बाबतीत हे घडावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आपल्याकडे फ्राइड राइस कोलकात्याच्या वाटेने आला. टिरेटा बाजार आणि टांग्रामधल्या, बऱ्याचशा हाक्का असलेल्या चिनी कुटुंबांनी तो इथल्या जिभेला जुळवला. मुंबईत १९७५ च्या सुमारास नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मांचुरियन केलं, असं मानतात, आणि त्यानंतर या खाण्याला जो वेग आला तो थेट तालुक्याच्या एसटी स्टँडपर्यंत. चायनीजच्या गाडीवर शेजवान राइस, ट्रिपल राइस, चायनीज भेळ मिळू लागली. मी या गाड्यांवर वाढलेली आहे आणि त्यांच्यावर माझं प्रेम आहे. पण तिथल्या लाल सॉसने आपल्याला एक चुकीची सवय लावली. चव सॉसमधून येते, असं आपल्याला वाटू लागलं. घरी भात फसला की आपण आणखी सॉस ओततो, म्हणजे आणखी पाणी ओततो. आणि त्या ‘शेजवान’मध्ये सिचुआनची ओळख असलेली, जीभ बधिर करणारी मिरी बहुधा नसतेच. ती मिरी ज्या कुळातली आहे, त्याच कुळातलं तिरफळ मात्र कोकणात बांगड्याच्या तिखल्यात रोज पडतं. पुस्तकातल्या एका पाककृतीत मी सिचुआन मिरीच्या जागी तिरफळ वापरलं आहे. बी काढून, भाजून, कुटून. चव हुबेहूब येत नाही, पण ती ओळखीची झणझण येते.

गोमांसाबद्दल महाराष्ट्रात लिहायचं म्हणजे कायद्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. राज्यात गायीची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद झाली आणि २०१५ मध्ये ती बंदी बैल आणि वळूंनाही लागू झाली. म्हशीच्या मांसावर अशी सरसकट बंदी नाही, आणि खाटकाकडे ‘मोठ्याचं’ म्हणून मिळतं ते हेच. या पुस्तकातल्या सगळ्या पाककृती मी म्हशीच्या मांसावर करून पाहिल्या आहेत. त्याचा रंग गडद, चरबी पांढरी आणि धागा जाड असतो, त्यामुळे काप आणखी पातळ हवेत. गोव्यात, आखाती देशांत, अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या वाचकांनी तिथे जे मिळतं ते घ्यावं. गोव्यात बीफ चिली फ्रायसाठी खाटीक देतो तो अंडरकट यालाही उत्तम. कोणी काय खावं किंवा खाऊ नये, याचा निवाडा मी करत नाही. एवढंच सांगते, की हे मांस मराठी स्वयंपाकाला नवं नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांचा स्वयंपाक लिहून ठेवला, तेव्हा चान्या, म्हणजे मांसाच्या लांबलचक पट्ट्या उन्हात वाळवून केलेला साठा, पहिल्यांदा अनेक मराठी वाचकांच्या समोर आला. पाण्याशी झुंजण्याची ती आपली पद्धत होती.

मांस चिरण्याची रीत मी पुस्तकात सर्वात सविस्तर दिली आहे, कारण बहुतेकांचा फ्राइड राइस इथेच बिघडतो. तुकडा पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवायचा. दगड होऊ द्यायचा नाही, फक्त घट्ट. मग फळीवर ठेवून नीट बघायचं. धागे डावीकडून उजवीकडे गेलेले दिसले, तर सुरी त्यांना आडवी चालवायची, तीन मिलिमीटरचे काप पाडत. धाग्याच्या दिशेने चिरलं तर तोंडात दोरी येते. आडवं चिरलं की प्रत्येक धागा तीन मिलिमीटरचाच उरतो आणि दाताला काम राहत नाही. यानंतरची पायरी चिनी आचारी ‘शांगज्यांग’ म्हणतात. यातला ‘ज्यांग’ हाच शब्द ते कपड्याच्या खळीलाही वापरतात, म्हणून मी तिला मराठीत मांसाला खळ देणं म्हणते. दीडशे ग्रॅम कापांना एक छोटा चमचा सोया सॉस, एक छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर, चिमूटभर खायचा सोडा आणि दोन चमचे पाणी चोळायचं. पाणी आत मुरलं की वरून चमचाभर तेल लावायचं आणि वीस मिनिटं ठेवायचं. सोड्यामुळे मांसातली प्रथिनं तापल्यावर एकमेकांना घट्ट आवळत नाहीत, आणि खळीचा पातळ पडदा रस आत धरून ठेवतो. ज्या पाण्याला आपण कढईत शत्रू मानतो, त्यालाच इथे कापाच्या आत कोंडायचं असतं. सोडा मात्र चिमटीपलीकडे गेला की साबणाची चव येते.

भाताबद्दलही माझी मतं ठाम आहेत. इंद्रायणी आणि आंबेमोहर या कामाला घेऊ नयेत. त्यांचा चिकटपणा वरणभातात सुख देतो, इथे घात करतो. कोलम सर्वात सोयीचा. बासमती चालतो, पण लांब दाणा कालथ्याखाली मोडतो. पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घालून शिजवायचा. भात निवताना दाण्यातलं पीठ पुन्हा घट्ट बांधलं जातं आणि वरचा ओलावा सुकतो. रात्रीचं काम ते हेच. पण ती रात्र फ्रिजमध्येच जायला हवी. शिजवूनही मरत नाहीत असे बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भातात असतात. ओट्यावर तासन् तास राहिलेल्या भातात ते वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा परतल्याने जात नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये हॉटेलांतल्या फ्राइड राइसमुळे असे आजार झाल्याचं लक्षात आलं होतं. कोकणातल्या मे महिन्यात तर हा धोका आणखी मोठा. म्हणून भात परातीत पातळ पसरायचा, पंख्याखाली निववायचा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवायचा.

हे पुस्तक आता लिहावंसं वाटलं त्याचं कारण माझ्या भाचीचा एक फोन. ती मेलबर्नला शिकते, चौघींत एक फ्रिज आहे आणि रोज रात्री थोडा भात उरतो. ‘मावशी, रोज फोडणीचा भात करून कंटाळा आला,’ ती म्हणाली. पुण्यात, ठाण्यात, दुबईत आणि मेलबर्नला असे एकेकटे स्वयंपाक करणारे हजारो जण आहेत. त्यांच्याकडे आईने दिलेली बीडाची किंवा लोखंडी कढई आहे, फ्रिज आहे, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात आता सोया सॉसही मिळतो. त्यांना सॉसच्या बाटल्यांची यादी द्यायची नव्हती. कढई किती तापली की तेलाचा पहिला थेंब सोडायचा, मांस बाहेर कधी काढायचं, ते पुन्हा कधी घालायचं, भात टाकल्यावर आवाज कसा बदलतो, हे शिकवायचं होतं. ओला भात फुसफुसतो. सुकत आला की तडतडतो आणि दाणे कढईत उड्या मारू लागतात. बहुतेक पाककृतींत मी मिनिटांऐवजी हा आवाज लिहिला आहे, कारण प्रत्येकाची शेगडी वेगळी, पण तडतड सगळीकडे सारखी. गोमांस न खाणाऱ्यांसाठी बकऱ्याच्या मांडीवर आणि आळंब्यांवर हीच रीत कशी चालते, तेही दिलं आहे; हाँगकाँगचा मूळ भात मात्र मी कुठेही बदललेला नाही, तो पोपोंनी जसा दाखवला तसाच आहे.

वाचायला बसण्याआधी एक वाटी कोलम धुऊन लावा. परातीत पसरलेला तो भात पंख्याखाली निवून फ्रिजमध्ये जायच्या वेळेला येईल, तोवर मांस चिरण्याचं प्रकरण वाचून झालेलं असेल.